पिवळ्या छत्रीच्या मागे

गळतीसाहेबांनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही. अपवाद फक्त गाइड लोकांचा. हातात काठी, काठीला फडकं आणि मागे माणसांचं लटांबर घेऊन चालणारा इसम दिसला की साहेबांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. त्याने 'उजवीकडे पाहा' म्हटलं की सगळ्यांनी उजवीकडे पाहायचं, तो हसला की हसायचं, आणि कुणाची तरी मावशी सँडलचा पट्टा लावत बसली की सगळ्यांनी तिथे खोळंबायचं. मुळात थांबणं हा प्रकारच साहेबांच्या प्रकृतीला मानवत नसे. लिफ्ट यायला उशीर झाला की ते जिन्याने वर जात आणि वर पोचल्यावर लिफ्ट कुठे अडकली याची चौकशी करत. जेवणातला शेवटचा घास त्यांनी बसून खाल्ल्याचं वहिनींना आठवत नव्हतं.

वहिनी म्हणजे त्यांची पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, आपणही म्हणू. आणि गळतीसाहेब हे काही साहेबांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात गळतीच्या तक्रारींचा विभाग ते सांभाळत. कुणाचा नळ टिपटिपतोय, कुठल्या पाइपचा जोड सुटलाय, कुणाच्या भिंतीला शेजाऱ्याची ओल आलीय, हे सगळं शेवटी त्यांच्या टेबलावर यायचं, आणि साहेब टेबलाशी क्वचितच सापडत असल्यामुळे तिथेच पडून राहायचं. माणूस मात्र सोन्यासारखा. देवाने मन मोठं दिलं होतं, ते एका जागी बसवायचं तेवढं राहून गेलं होतं.

तर एका सकाळी साहेब आरशापुढे दाढी करत गुणगुणत होते. वहिनी रोज सकाळी देवापुढे एक पद म्हणायच्या. ते ऐकून ऐकून साहेबांना पाठ झालं होतं, पण चुकीचं. दुसऱ्या ओळीत सूर वर चढतो तिथे ते हमखास घसरायचे, जसं काही तिथल्या पायरीवर शेवाळच साचलं होतं. ते घसरले की स्वयंपाकघरातून वहिनी तीच ओळ बरोबर म्हणायच्या. त्यात राग नसे, शिकवणंही नसे. भिंतीवरची वाकडी तसबीर जाता जाता सरळ करावी, तेवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात या दुरुस्तीत कधी खंड पडला नव्हता, अगदी अबोला असतानासुद्धा.

त्या सकाळी दुरुस्ती आली नाही. साहेब घसरले, थांबले, खात्री करायला पुन्हा एकदा घसरून पाहिलं. घर गप्प. तेव्हा ते अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आले.

वहिनी पेपर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"गाणारं दालन बंद करतायत," त्या म्हणाल्या. "येत्या सोमवारपासून. माणसांच्या श्वासाने म्हणे तिथला दगड काळवंडतोय. परत कधी उघडतील ते सांगता येत नाही म्हणतात."

गाणारं दालन म्हणजे गावाबाहेरच्या डोंगरातल्या गुहांमधलं सगळ्यात आतलं दालन. तिथे एक सूर लावला की तो म्हणे एकटा परत येत नाही. वहिनी लहान असताना वडिलांनी त्यांना आणि थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, तिथे नेलं होतं. वडिलांनी तिथे हेच पद म्हटलं. भावाने ते ऐकलं. वहिनी मात्र चालून चालून दमलेल्या, वडिलांच्या खांद्यावर झोपल्या होत्या. जाग आली तेव्हा बाहेर ऊन होतं आणि सगळं संपलं होतं. तेव्हापासून आजतागायत दादांनी हा विषय सोडलेला नाही. घरात कुणीही गायला तोंड उघडलं की दादा हात वर करून म्हणणार, "गाणं ऐकावं ते त्या दालनात. ही? ही झोपली होती."

"मग? जाऊ की रविवारी!" साहेब म्हणाले. फेसाचा एक थेंब पेपरवर पडला. "मी नेतो तुला. निवांत ऐक, पाहिजे तेवढा वेळ ऐक."

निवांत हा शब्द साहेबांच्या तोंडून ऐकून वहिनींनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. पण डोळ्यांत काहीतरी लकाकलं खरं.

बातमी दादांनीही वाचली होती. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "आम्ही शनिवारी टूरने जातोय, त्यात दोन जागा ठेवतो तुमच्यासाठी. गाइड उत्तम आहे. सगळं व्यवस्थित दाखवतो, मध्ये चहा, नंतर फोटो."

"आम्ही आमचे जाऊ, दादा," साहेब म्हणाले. "गुहा दगडाची आहे, कुठे पळून जात नाही. ती बघायला मध्यस्थ कशाला?"

"बघा हं. तिथे एकट्यादुकट्याला..."

"अहो, पायांवर चालायचं, डोळ्यांनी बघायचं. दोन्ही आमच्याकडे आहेत."

दादा तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तिला जागी ठेवा म्हणजे झालं." ते वाक्य साहेबांना असं काही लागलं की आता गाइडसकट जाण्याचा प्रश्नच उरला नाही. तो आता सबंध कुटुंबाच्या इभ्रतीचा मामला झाला.

ही वार्ता इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, आणि आपल्याकडे माणसाचं सल्ल्यावाचून कधी अडत नाही. तळमजल्यावरचे विमावाले जिन्यात आडवे आले. "गुहेत? स्वतःच्या जबाबदारीवर? साहेब, घाबरवत नाही मी तुम्हाला, पण वहिनींचा विचार केलाय का?" समोरच्या दारातल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी साहेबांना बूट घालून पुढे-मागे चालायला लावलं आणि बूट नापास केले. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य मात्र खरे शेजारधर्माचे. ते छत्री घेऊनच खाली आले. झगझगीत पिवळी छत्री, तिच्यावर एक भला मोठा हसरा दात छापलेला. कुठल्यातरी टूथपेस्टवाल्यांनी त्यांना भेट दिली होती.

"आत वरून थेंब पडतात," दंतवैद्य साहेबांच्या टकलाकडे आपुलकीने बघत म्हणाले. "आमच्यासारख्यांचं ठीक आहे. तुम्हाला थेट लागतील."

साहेबांना राग आला, पण छत्री घेतली. फुकट मिळालेली वस्तू आणि टोमणा एकाच हाताने घ्यावा लागतो, त्याला इलाज नाही.

रविवारी गुहेच्या दाराशी ही गर्दी! शेवटचा दिवस म्हणून सगळं गाव लोटलेलं. तिकिटाला दोन खिडक्या होत्या. साहेब पहिल्या खिडकीशी पोचले.

"दोन तिकिटं. गाणारं दालन धरून."

"गाइडसोबत की स्वतंत्र?"

"स्वतंत्र!" साहेबांनी हा शब्द असा उच्चारला की मागचे दोघे सावधान उभे राहिले.

"ते पलीकडच्या खिडकीवर." खिडकी बंद झाली.

साहेब पलीकडे गेले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, खिडकी उघडली, आणि तोच माणूस, तोच शर्ट, तेच खिशातलं पेन, साहेबांकडे जन्मात पाहिलं नसल्यासारखा बघत म्हणाला, "बोला, काय हवंय?"

"दोन स्वतंत्र. गाणारं दालन धरून."

"स्वतंत्रवाल्यांना ते दालन नाही. तिथे फक्त गाइडच्या गटाबरोबर सोडतात."

 "मग गाइडसोबतची द्या." हे बोलताना साहेबांना काय यातना झाल्या असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"ते त्या खिडकीवर." खिडकी बंद. खुर्ची सरकली. साहेब पळत पहिल्या खिडकीवर. खिडकी उघडली. "बोला?"

"गाइडसोबत दोन."

"संपली. कालच संपली. स्वतंत्र आहेत शिल्लक. ती पलीकडच्या..."

साहेबांनी स्वतःही सरकारी कार्यालयात माणसांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं होतं. पण ते ज्याला पाठवायचे तो निदान दुसऱ्या माणसाकडे तरी जायचा. शेवटी त्यांनी पलीकडच्या खिडकीवरून स्वतंत्र तिकिटं घेतली आणि परत आले.

वहिनी एका दगडावर बसल्या होत्या. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी चाललं होतं. गळा तयार करत होत्या.

"मिळाली?"

"मिळाली तर! न मिळायला काय झालं?"

आता यात खोटं काही नव्हतं. तिकिटं मिळाली होती. कशाची, ते वहिनींनी विचारलं नव्हतं. साहेबांनी मनाशी हिशेब केला की दारावर कुणीतरी माणूसच असेल. आपण सरकारी, तोही सरकारी. बोलून काम होईल. हा हिशेब करताना त्यांना घाम फुटला होता एवढंच.

आत शिरताना दोघांच्या कानात एकेक बोलकं यंत्र देण्यात आलं. गाइडऐवजी ते सगळी माहिती सांगणार होतं. साहेब खूश झाले. हा गाइड निदान कानात मावणारा होता. पण यंत्र बोलायचं सावकाश, आणि साहेब चालायचे तरातरा. दालन बंद होण्याआधी दारावरच्या माणसाला गाठायचं होतं ना! त्यामुळे थोड्याच वेळात यंत्र मागे पडलं. ते कानात म्हणालं, "आता डावीकडे पाहा, निसर्गाने घडवलेला हा भव्य हत्ती," तेव्हा साहेबांच्या डावीकडे आग विझवण्याची वाळूची बादली होती. साहेबांनी बादलीकडे आदराने पाहिलं. पुढे एका अंधाऱ्या वळणावर यंत्र म्हणालं, "या वधूचा घुंगट किती नाजूक आहे!" समोर एक आजोबा रुमालाने नाक पुसत होते.

"अहो, जरा हळू," मागून वहिनी म्हणाल्या. "माझा हत्ती राहिला बघायचा."

"येताना बघू. हत्ती कुठे जातोय?"

आणि थेंब खरंच पडत होते. साहेबांच्या टकलावर असे नेम धरून पडत होते की दंतवैद्य मनाने कितीही चांगले असले तरी साहेबांना त्यांचा संताप आला. त्यांनी छत्री उघडली. गुहेतल्या दिव्यात ती पिवळी छत्री अशी उजळली, आणि तिच्यावरचा तो दात असा हसला, की सगळी गुहा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली.

इथून पुढचा घोटाळा छत्रीचा. झालं होतं असं, की एका टूर कंपनीने आपल्या सगळ्या पाहुण्यांना पिवळ्या टोप्या दिल्या होत्या आणि गाइडला पिवळी छत्री. 'हरवू नका, पिवळ्या छत्रीच्या मागे राहा,' एवढीच त्यांना सूचना होती. त्यांच्यातला एक काका टोपीसकट कुठेतरी मागे राहिला, त्याला शोधायला गाइड परत गेला. पिवळ्या टोप्या वळणावर ताटकळत उभ्या होत्या, तेवढ्यात त्यांच्या समोरून एक पिवळी छत्री तरातरा निघून गेली.

"ते बघा! चला, चला!"

साहेबांना थोड्या वेळाने जाणवलं की आपल्यामागे बऱ्याच पायांचा आवाज येतोय. वळून पाहिलं तर पिवळ्या टोप्यांची एक रांगच रांग. ते बाजूला झाले, जाऊ द्या म्हणून. टोप्याही बाजूला झाल्या. ते थांबले, टोप्या थांबल्या. ते भराभर चालू लागले, तशी सगळी रांग दुडूदुडू धावायला लागली.

"हे लोक आपल्यामागे का लागलेत?" साहेब घाबऱ्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही पळताय म्हणून लागलेत," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही पळालात की कुणालाही वाटतं, पुढे काहीतरी वाटतायत."

असं करत करत ते गाणाऱ्या दालनाच्या दाराशी येऊन थडकले. दाराला साखळी होती, साखळीशी स्टूल, आणि स्टुलावर दारावरच्या बाई. त्यांनी तिकिटं पाहिली आणि परत दिली.

"हे स्वतंत्र आहे. इथे गाइडशिवाय प्रवेश नाही."

साहेबांनी आवाज खाली आणला. "बाई, मी पाणीपुरवठ्यात असतो."

"इथे पाणी भरपूर आहे."

"तसं नाही. म्हणजे आपण दोघंही एका अर्थी..."

"मी कुठल्याच अर्थी काही नाही. मी साखळी सांभाळते."

मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. साहेबांना वाटलं, आता बोलतील, रागावतील.  वहिनींनी फक्त साखळीपलीकडच्या अंधाराकडे एकदा पाहिलं आणि पदराने चष्मा पुसायला घेतला. तो चष्मा स्वच्छच होता. गळतीच्या तक्रारी ऐकण्यात जन्म गेलेल्या माणसाला, कुठलीही तक्रार न करता चष्मा पुसणारी ती बायको बघवेना.

तेवढ्यात पिवळ्या टोप्या येऊन धडकल्या. धापा टाकत, हसत, एकमेकांना सावरत. सगळ्यात पुढे एक चौकस बाई होत्या. त्या कमरेवर हात ठेवून साहेबांना म्हणाल्या, "काय हो, किती पळवता! आमच्यात म्हातारी माणसं आहेत."

दारावरच्या बाईंनी टोप्यांकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं, गट आहे म्हणून! घरच्यांची तिकिटं वेगळी काढून मला दाखवत बसलात. छत्री मिटा, आत उघडी चालत नाही. चला, लवकर घ्या सगळ्यांना आत. हा शेवटचाच गट."

साखळी निघाली.

साहेबांनी 'मी गाइड आहे' असं म्हटलं नाही. 'मी गाइड नाही' असंही म्हटलं नाही. देवाने माणसाला या दोहोंच्या मध्ये थोडी जागा ठेवली आहे, आणि अडचणीच्या वेळी सज्जन माणसं तिथेच उभी राहतात. त्यांनी छत्री मिटली, ती हातात उंच धरली, घसा खाकरला, आणि ज्या शब्दांचा त्यांनी जन्मभर तिरस्कार केला होता ते शब्द उच्चारले.

"चला मंडळी. माझ्यामागे या."

दालन प्रचंड होतं. वरून दगडी सुळे लोंबत होते, खालून तसेच सुळे वर येत होते, आणि कुठेतरी एक थेंब टप्प करून पडत होता.

"हे कसं तयार झालं?" चौकस बाईंनी लगेच विचारलं. सगळ्या टोप्या साहेबांकडे वळल्या.

साहेबांनी वर पाहिलं.  मग तो थेंब पुन्हा पडला, टप्प, आणि साहेबांचा चेहरा उजळला. हा आवाज ते ओळखत होते!

"ही," ते गंभीरपणे म्हणाले, "गळती आहे."

टोप्यांमध्ये कुजबुज झाली.

"साधी गळती. फक्त कुणी तक्रार केली नाही. तुमच्या घरी किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना? नळाच्या तोंडाशी खरखरीत काहीतरी साचतं? तेच हे. पाणी डोंगरातला चुना घेऊन येतं, थेंब लोंबतो, थेंब वाळतो, चुना मागे राहतो. वर एक कण, खाली एक कण. वेळीच वॉशर बदलला असता तर यातलं काहीही झालं नसतं." मग त्यांना जोर चढला. त्यांनी तुंबलेल्या पाइपांचं आख्यान लावलं. एका हॉस्पिटलच्या जुन्या पाइपमध्ये क्षार साचून साचून बोट जाईल एवढंच भोक कसं उरलं होतं, आणि तो पाइप कापला तेव्हा आतून अगदी असाच, याच रंगाचा दगड कसा निघाला, हे ते छत्री उगारून सांगू लागले. टोप्या तोंड उघडून ऐकत होत्या. एक आजोबा हळूच शेजाऱ्याला म्हणाले, "आत्तापर्यंतचा गाइड नुसता हत्ती नि घुंगट करत होता. याला विषयाची माहिती आहे."

"आणि छत्रीवर हा सुळा म्हणजे तुमच्या कंपनीचं चिन्ह का?" चौकस बाईंनी विचारलं.

साहेबांनी मिटलेल्या छत्रीच्या घडीतून डोकावणाऱ्या हसऱ्या दाताकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. काही प्रश्नांना तेवढंच उत्तर असतं.

"आता सूर," दारावरच्या बाई स्टुलावरून ओरडल्या. "मी दिवे घालवते. आणि नियम माहीत आहे ना? सूर गाइडनेच लावायचा. पाहुण्यांनी नाही. सगळे एकदम ओरडतात मग."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी वहिनींचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. "या आमच्या सहायक गाइड. सूर यांच्याकडे असतो. माझ्याकडे पाइप."

"अहो, काय करताय!" वहिनी पुटपुटल्या. "मला नाही जमायचं. एवढ्या लोकांपुढे कधी गायलेय मी?"

"अंधार होईल. कुणाला दिसणार नाहीस."

"माझं मला कळेल ना!"

खटका वाजला आणि अंधार झाला. साधासुधा नाही, डोळ्यांपुढे स्वतःचा हात दिसू नये असा काळा अंधार. सगळे गप्प. थेंबही जणू लोंबत थांबला. सगळं दालन वहिनींची वाट बघत होतं.

वहिनींच्या तोंडून आवाज फुटेना.  कुणीतरी खोकलं. कुणाची तरी टोपी खाली पडली. लिफ्टसाठीही ज्यांना थांबता आलं नव्हतं, त्या साहेबांना हे थांबणं असह्य झालं. एकेक क्षण त्यांच्या पायांतून मुंग्यांसारखा चढायला लागला. इतकी वर्षं, आणि ती पुन्हा एकदा न ऐकताच बाहेर जाणार! आणि वर दादा म्हणणार...

आणि साहेबांनी स्वतःच तोंड उघडलं.

त्यांनी तेच पद धरलं. पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसऱ्या ओळीत सूर वर चढतो तिथे ते घसरले. आणि त्या दालनाने ते घसरणं उचललं, या भिंतीवरून त्या भिंतीवर नेलं, आणि चहू बाजूंनी साहेबांना परत केलं. चहूकडून गळतीसाहेब घसरत होते. टोप्यांमधून एक दबका हुंकार उठला.

आणि मग, जशी रोज सकाळी यायची तशी, कुणी न सांगता, कुणी न मागता, दुरुस्ती आली.

वहिनींनी ती ओळ बरोबर म्हटली. त्या गायला उभ्या नव्हत्या. त्यांना चूक ऐकवेना, एवढंच झालं होतं. पण सूर वर चढला, बरोबर जागी जाऊन टेकला, आणि दालनाने तो घेतला. परत आला तेव्हा तो एकटा नव्हता. मागे कुणीतरी साथीला उभं असावं, आणि त्याच्याही मागे आणखी कुणी, तसा भरून आला. वहिनी थबकल्या. त्या आलेल्या आवाजात त्यांनी काय ऐकलं ते त्यांनी नंतरही कुणाला सांगितलं नाही. पण पुढची ओळ त्यांनी त्या आवाजाला उत्तर द्यावं तशी म्हटली. त्यानंतरची, आणि त्याच्याही नंतरची. सबंध पद झालं. कुणी हललं नाही. साहेबसुद्धा हलले नाहीत, आणि आपण हललो नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दिवे लागले तेव्हा दारात आणखी एक पिवळी छत्री उभी होती. छत्रीखाली खरा गाइड, आणि त्याने हाताला धरलेला तो हरवलेला काका.

"हा गट माझा आहे," गाइड म्हणाला. आवाजात राग असायला हवा होता, पण तो नीट जमून आला नाही.

मग व्यवस्थापकांच्या खोलीत जे काही झालं त्याचं सविस्तर वर्णन करण्यात अर्थ नाही. साहेबांना एका लाकडी खुर्चीवर बसवण्यात आलं आणि तीनदा उठल्याबद्दल तीनदा परत बसवण्यात आलं. व्यवस्थापकांची अडचण वेगळीच होती. स्वतंत्र माणूस गटात घुसला तर त्याचा नियम होता. गट स्वतंत्र माणसात घुसला तर काय करायचं, याचा नव्हता. ते कधी साहेबांकडे, कधी दाताच्या छत्रीकडे बघत होते.

"तुम्ही गाइड आहात असं सांगितलंत?"

"नाही."

"मग नाही असं सांगितलंत?"

"तसं कुणी विचारलं नाही."

दारात पिवळ्या टोप्यांची गर्दी झाली होती. "त्यांना सोडा," चौकस बाई म्हणाल्या. "आम्हाला उरलेली गुहा त्यांच्याकडूनच ऐकायची आहे. तो हॉस्पिटलचा पाइप अर्धा राहिलाय." हे ऐकून खरा गाइड बिचारा खाली मान घालून छत्रीची दांडी चोळत बसला. साहेबांना पहिल्यांदाच एका गाइडबद्दल वाईट वाटलं. ते उठून त्याच्याजवळ गेले. त्यांना चौथ्यांदा बसवायचं भान कुणाला राहिलं नाही.

"माफ करा हो," वहिनी त्या गाइडला म्हणाल्या. "तुमचा सूर आम्ही घेतला."

गाइडने दांडी चोळणं थांबवलं. "मी रोज लावतो सूर," तो म्हणाला. "लावणाऱ्याला काय ऐकू येणार? कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, यातच सगळं लक्ष. आज बाहेर उभं राहून पहिल्यांदा ऐकलं, शेवटच्या दिवशी." मग व्यवस्थापकांकडे वळून तो म्हणाला, "माझी काही तक्रार नाही, साहेब."

तक्रारच नाही म्हटल्यावर कार्यालयाला करण्यासारखं काही उरत नाही, हे गळतीसाहेबांपेक्षा कुणाला जास्त ठाऊक? तरी काहीतरी शिक्षा द्यायची म्हणून व्यवस्थापकांनी फर्मावलं की दोघांनी उरलेली गुहा गाइडच्या मागून, रांगेत, गाइडच्या चालीने बघत बाहेर पडायचं.

साहेबांनी ती शिक्षा भोगली. हत्ती पाहिला. घुंगट पाहिला. सँडलचा पट्टा लावणाऱ्या एका मावशीसाठी सगळे थांबले, तेव्हा तेही थांबले आणि तिच्या पर्समधून पडलेला रुमाल उचलून दिला. वहिनी त्या थांबण्यात हत्तीकडे पुन्हा एकदा बघून आल्या.

बाहेर ऊन होतं. वहिनींचा फोन वाजला.

"काय गं, बघितलंस?" दादांचा आवाज शेजारी उभ्या साहेबांनाही ऐकू येत होता. "की झोपलीस?"

"जागी होते," वहिनी म्हणाल्या.

"मग शेवटी गाइड घेतलात की नाही?"

वहिनींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब टकलावर वाळलेला चुन्याचा थेंब नखाने खरवडत होते. "घेतला ना," त्या म्हणाल्या. "फार चांगला होता. सुराला जरा कच्चा."

फोन ठेवून त्यांनी साहेबांच्या हातातली छत्री घेतली आणि उतारावरून बसथांब्याकडे चालायला लागल्या. साहेब सवयीने पुढे जायला निघाले आणि मग का कोण जाणे, राहिले. ते वहिनींच्या मागून चालू लागले. हा प्रकार नवा होता. मागून चालताना माणसाला काय करावं ते कळत नाही, म्हणून ते गुणगुणायला लागले. दुसऱ्या ओळीत नेमके घसरले.

वहिनींनी मागे वळून न बघता ती ओळ बरोबर म्हटली.

आणि त्यांच्याही मागून, उतारावर अजून रेंगाळणाऱ्या पिवळ्या टोप्यांच्या सबंध रांगेने ती दुरुस्ती उचलून धरली.